जिव्हर्नी: मोनेच्या बागेत एक दिवस

पॅरिसहून जिव्हर्नीला जायची तारीख फुलांवरून ठरवा. चित्रकार क्लोद मोनेचं घर आणि बाग १ एप्रिल ते १ नोव्हेंबर एवढंच उघडं असतं. एप्रिलमध्ये ट्यूलिप, मेमध्ये आयरिस आणि तळ्यावरच्या जपानी पुलावरचा विस्टेरिया, सप्टेंबरात मधल्या वाटेवर ऐसपैस पसरलेला नॅस्टर्शियम. वॉटर लिली बघायच्या असतील तर मात्र जुलै-ऑगस्टच धरा. मेच्या सुरुवातीला तळ्यात नुसती पानं दिसतात आणि पुष्कळांचा हिरमोड होतो.

पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनवरून रुआँकडे जाणारी गाडी घ्या. ती व्हेर्नों-जिव्हर्नीला थांबते ना, हे आधी बघा. सगळ्या थांबत नाहीत. प्रवास तासाभराचा. पुढचे सुमारे पाच किलोमीटर शटल बसने किंवा स्टेशनजवळ भाड्याने मिळणाऱ्या सायकलने. बसच्या वेळा रेल्वेशी बांधलेल्या असतात. परतीची बस चुकली की गाडीही चुकते.

बाग साडेनऊला उघडते. तिकीट ऑनलाइन काढा, गाडीशी जुळणारी सर्वांत लवकरची वेळ निवडा. आत गेल्यावर घराच्या रांगेत लागू नका. बाग ओलांडून रस्त्याखालच्या भुयारी वाटेने थेट तळ्यावर जा. थोड्या वेळाने पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागतात आणि पुलावर फोटोसाठी खेटाखेट होते.

सकाळी पूल मोकळा मिळतो, पण लिली अजून अर्धवट मिटलेल्या असतात. त्या दुपारी पूर्ण उमलतात आणि संध्याकाळ व्हायच्या आत मिटू लागतात. म्हणून तळ्यावर दोनदा जावंच. दुसऱ्यांदा पूल सोडा आणि काठाने सावकाश चाला. पानांच्या मधल्या पाण्यात विलोच्या फांद्या उलट्या उतरलेल्या दिसतात, त्यांच्यामधून ढग सरकतात. मोनेला हेच रंगवायचं होतं. शेजारच्या कच्च्या रस्त्याची धूळ लिलींवर बसते म्हणून त्याने स्वतःचे पैसे घालून तिथे डांबर टाकून घेतलं होतं.

मधल्या वेळात घर बघा: पिवळी जेवणाची खोली, निळ्या टाइलांचं स्वयंपाकघर, भिंतीभर होकुसाई-हिरोशिगे या जपानी चित्रकारांची छापचित्रं. डबा बागेत उघडता येत नाही, खाणं बाहेर पडल्यावरच.

स्टुडिओत टांगलेली मोनेची चित्रं प्रती आहेत. मूळ चित्रांसाठी पॅरिसमध्ये ओरांजरी संग्रहालयाला जा. तिथे दोन लंबगोल दालनांत लिलींची आठ भव्य चित्रं आहेत. ते मंगळवारी बंद असतं, आणि बाग पाहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी गेलात तर चित्रातलं पाणी लगेच ओळखू येतं.