खजुराचे परागकण पुढच्या हंगामापर्यंत टिकवले, माझा अनुभव

आमच्या बरही जातीच्या खजुराच्या बागेत नर झाडं मोजकी. मादीचा पहिला फुलोरा उमलतो तेव्हा नर अजून मिटलेलाच, म्हणून मागच्या हंगामातले परागकण हाताशी लागतातच. फ्रीजमध्ये ठेवलेले परागकण मात्र दरवर्षी गुठळ्या होऊन, कुबट वास मारत बाहेर यायचे. थंडी पुरेशी होती, घोळ ओलाव्याचा होता.

आता नर फुलोरा फुटताच कापतो, सावलीत कागदावर पसरतो. पंखा नाही, सगळं उडून जातं! फुलं झटकून पिवळी भुकटी बारीक चाळणीने गाळतो, पातळ कागदाच्या पुड्या बांधतो. रबरी कडीच्या काचेच्या बरणीत तळाला सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे निळे दाणे, वर जाळी, जाळीवर पुड्या. ओलावा शोषून दाणे गुलाबी झाले की बदलायचे. ओव्हनमध्ये तापवले की पुन्हा निळे होतात. दाणे निळेच राहू लागले की भुकटी वाळली, मग त्या पुड्या वेगळ्या कोरड्या बरणीत घालून डीप फ्रीजरला, उणे 18 अंशांना.

खरी मेख बरणी उघडण्यात आहे. गार बरणी लगेच उघडली तर हवेतलं बाष्प थेट भुकटीवर बसतं. बाहेर काढून घरच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच झाकण. म्हणूनच लहान पुड्या. लागेल तेवढीच काढायची.

वापरण्याआधी 15 टक्के साखरेच्या पाण्यात चिमूटभर बोरिक अॅसिड घालून किंचित भुकटी टाकतो आणि काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. परागकणांतून बारीक नळ्या उगवलेल्या दिसल्या, म्हणजे ते जिवंत आहेत, की टाल्कम मिसळून फवारणी. मक्याला हा उपाय चालत नाही, त्याचे परागकण वाळवले की मरतात.