हातातल्या हँडीवरून लांब बोलायचंय? रिपीटर असा गाठा

हँडी म्हणजे हॅम रेडिओचा हातात धरायचा वॉकी-टॉकीसारखा सेट, असते ५ वॅटची. थेट दुसऱ्या हँडीशी बोलायला गेलात तर मध्ये इमारती आल्या की दोन-तीन किलोमीटरमध्येच खरखर सुरू होते. तरी लोक याच सेटवरून शंभर किलोमीटरवर निवांत गप्पा मारतात कारण लांबचं सगळं काम उंचावर बसवलेला रिपीटर करतो, आपण फक्त त्याच्यापर्यंत स्वच्छ पोचायचं. लायसन्स आणि कॉलसाईन (लायसन्सबरोबर मिळणारं हवेतलं नाव) मात्र आधी, पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) नंतर.

आधी रिपीटरच्या तीन गोष्टी शोधा, आउटपुट फ्रिक्वेन्सी, ऑफसेट आणि टोन (आवाजाबरोबर जाणारा हलका सूर, रिपीटरची किल्लीच म्हणा). रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच वेळी दुसरीवर सोडतो, त्यातला फरक म्हणजे ऑफसेट, दोन मीटर बँडवर (तरंगलांबी साधारण दोन मीटर) बहुतेक ६०० किलोहर्ट्झ. समजा आउटपुट १४५.७०० मेगाहर्ट्झ आणि ऑफसेट मायनस, तर पीटीटी दाबल्यावर स्क्रीनवर १४५.१०० दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर शिफ्टची दिशा टाकायची राहिलीय.

टोनने मला दोन संध्याकाळी रडवलंय. सगळे मस्त ऐकू येत होते, मी हाका मारतोय आणि कुणी ढुंकून बघत नाही, मला वाटलं लोकच शिष्ट आहेत. शेवटी बघितलं तर ८८.५ हर्ट्झच्या जागी ८५.४ टाकलेलं! टोन चुकला की रिपीटर तुमच्यासाठी उघडतच नाही.

आता कॉलसाईन सांगून पीटीटी सोडा. त्यानंतर क्षणभर रिपीटरचा कॅरिअर (बोलण्याशिवायचा नुसता सिग्नल) ऐकू आला, मग खस्स करून बंद झाला, तर तुम्ही पोचलात. पण तो जोरात ऐकू येतो म्हणून तुम्हीही तसेच जाताय असं समजू नका, त्याची पॉवर तुमच्या कितीतरी पट असते.

आवाज तुटतोय म्हणाले तर पॉवरच्या मागे लागण्याआधी अँटेना बघा. सेटबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना कामचलाऊच असते. दोन मीटरसाठी साधारण ४९ सेंटीमीटरची पाव-तरंग अँटेना लावा, आणि तेवढीच एक वायर अँटेनाच्या बुडाशी ग्राउंडला जोडून खाली लोंबू द्या, फरक लगेच कळतो. सेट उभा धरा. गाडीत असाल तर बाहेर या, गच्चीवर जा, कधी कधी नुसतं दोन पावलं सरकलं तरी जमतं.

बोलताना पीटीटी दाबून एक सेकंद थांबायचं आणि मगच बोलायचं, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो. दोघांच्या बोलण्यात जरा फट ठेवा, कुणाला अर्जंट असेल तर त्याला शिरता येतं. बरेच रिपीटर तीन मिनिटांच्या आसपास टाइमरने तोडतात, सलग भाषण नको.

याहून लांब जायचं तर रिपीटर इकोलिंकला (इंटरनेटवरून रिपीटर जोडणारी सोय) जोडलेला आहे का विचारा. असेल तर चालवणाऱ्यांची परवानगी घेऊन कीपॅडवरून नोड नंबर दाबायचा, पलीकडे दुसरा देश.

आणि खरी मजा म्हणजे अंतराळ स्थानकावरचा रिपीटर, साधारण ४०० किलोमीटर वर. चालू असेल तेव्हा १४५.९९० वर ६७ हर्ट्झ टोन लावून बोलायचं, ऐकायचं ४३७.८०० वर. डॉपलरमुळे (स्थानक वेगात जवळ येऊन लांब जातं, तशी फ्रिक्वेन्सी सरकते) सुरुवात ४३७.८१० ला करून हळूहळू ४३७.७९० पर्यंत खाली यायचं, स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा. दहाएक मिनिटांत ते मावळतं, गर्दीही असते, म्हणून फक्त कॉलसाईन आणि ग्रिड (तुमच्या जागेचा छोटा कोड). मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा, लिहायला हात मोकळा नसतो.