घरदुरुस्तीत या चुका टाळा: डाग झाकण्याआधी त्याचे मूळ शोधा

भिंतीवर डाग उमटला की रंग दिला जातो, नळ ठिबकू लागला की तो अधिक जोर लावून आवळला जातो आणि एमसीबी (भार वाढल्यावर आपोआप बंद होणारा विजेचा स्विच) वारंवार पडू लागला की त्याच्या जागी जास्त क्षमतेचा बसवला जातो. तिन्ही ठिकाणी चूक एकच आहे: त्रास जेथे दिसतो तेथे उपाय होतो, तो जेथून येतो ती जागा मात्र तशीच राहते. पुढे दिलेल्या बहुतेक चुका कौशल्याच्या नसून घाईच्या आहेत, आणि त्या टाळण्यासाठी महागड्या हत्यारांपेक्षा थोडे निरीक्षण अधिक उपयोगी पडते.

ओल: सर्वांत जास्त वेळा चुकणारे निदान

भिंतीचे पोपडे सुटले की ते खरवडून, पुट्टी भरून, वर रंगाचे दोन हात मारणे ही बहुधा सर्वांत जास्त वेळा होणारी चूक असावी. पुट्टी आणि रंग पाणी अडवत नाहीत; आतून येणारी ओल काही महिन्यांत त्यांना पुन्हा ढकलून बाहेर काढते. म्हणून प्रथम ओल कोठे आणि केव्हा दिसते हे पाहावे. जमिनीलगत सुरू होऊन साधारण एक मीटर उंचीपर्यंत चढलेली, वरच्या कडेला आडवी रेघ आणि पांढरे क्षार असलेली ओल बहुधा इमारतीच्या पायातून वर शोषली गेलेली असते. फक्त पावसाळ्यात वाढणारा आणि बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्याशी किंवा छताच्या कडेला दिसणारा डाग बाहेरच्या तड्याकडे, छज्जाकडे किंवा तुंबलेल्या पन्हाळीकडे बोट दाखवतो. बारा महिने सारखाच राहणारा आणि हळूहळू पसरणारा डाग पाण्याच्या किंवा सांडपाण्याच्या नळाजवळ असेल, तर संशय त्या नळावर घ्यावा.

चौथा प्रकार अनेकदा ध्यानातच येत नाही. थंड हवेच्या दिवसांत कपाटामागे, कोपऱ्यात किंवा बंद खोलीत काळी बुरशी धरते, तेव्हा ती गळती नसून खोलीतील दमट हवेतील बाष्प थंड भिंतीवर साचल्याचा परिणाम असू शकतो, आणि तेथे जलरोधक थर लावून काहीच साधत नाही. शंका असल्यास ॲल्युमिनियमच्या फॉइलचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. फॉइलच्या खोलीकडील बाजूवर थेंब आले तर बाष्प हवेतील आहे, आणि भिंतीकडील बाजू ओली झाली तर पाणी भिंतीतून येते आहे. पहिल्या स्थितीत हवा खेळती ठेवणे, कपाट भिंतीपासून थोडे दूर सरकवणे आणि स्वयंपाकघर-न्हाणीघरातील वाफ बाहेर जाऊ देणे एवढेच बहुधा पुरते.

भिंतीतून ओल येत असताना आतून तैलरंग किंवा जलरोधक लेप लावणे हा सोपा वाटणारा पण नुकसानकारक उपाय आहे. बाष्प बाहेर पडण्याचा मार्ग बंद झाल्यामुळे ओल आणखी वर चढते किंवा शेजारच्या भिंतीत शिरते, आणि मग पहिल्यापेक्षा मोठा भाग खराब होतो. योग्य क्रम असा: आधी पाण्याचा स्रोत बंद करावा, मग भुसभुशीत झालेला गिलावा विटेपर्यंत काढावा आणि भिंत पुरती वाळू द्यावी. जाड भिंत वाळायला आठवडे नव्हे तर कधी महिनेही लागतात, आणि नेमका हाच काळ कोणाला द्यावासा वाटत नाही. पांढरे क्षार पाण्याने धुऊ नयेत, कारण ते विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. कोरड्या ब्रशने झाडून काढावेत. ओल येणाऱ्या जागी जिप्समचा गिलावा वापरू नये, तो पाण्याने मऊ पडतो.

गच्ची आणि न्हाणीघरातील गळती

छतावरील डागाच्या बरोबर वरच पाणी शिरत असेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. पाणी स्लॅबमधील भेगेतून, नळाच्या किंवा वायरींच्या पाइपच्या कडेने बरेच अंतर वाहत जाते आणि मग सोयीच्या जागी बाहेर पडते. डागाच्या वरची चार फरशी उखडून सिमेंट भरले तरी गळती थांबत नाही, याचे कारण हेच.

न्हाणीघराखालच्या छतातून पाणी झिरपत असेल तर तोडफोडीपूर्वी एकेक शक्यता वेगळी करून तपासावी. सर्व नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहावा. तो तरीही फिरत असेल तर दाबाखालील नळातच गळती आहे, मात्र फ्लशची टाकीही सतत गळत असू शकते. टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला तर दोष टाकीतील रबरी झडपेचा असतो आणि तो किरकोळ आहे. मीटर स्थिर असेल तर मोरीचे तोंड बंद करून जमिनीवर थोडे पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवावे. पाणी ओसरले आणि खाली डाग वाढला तर दोष फरशीखालील थराचा किंवा मोरीच्या कडेचा आहे. साठवलेल्या पाण्याने काहीच झाले नाही, पण ते सोडून देताच खाली ओल आली, तर सांडपाण्याचा नळ तपासावा.

फरशीच्या सांध्यांत नवे ग्राउट भरणे हा गळतीवरचा पूर्ण इलाज नव्हे, कारण खरे संरक्षण फरशीखालच्या जलरोधक थराकडून मिळते. गच्चीवर हाच थर फक्त सपाट भागावर दिला आणि कठड्यावर काही उंचीपर्यंत चढवला नाही, तर पाणी कोनातूनच आत शिरते. तेथे आधी गोलसर वाटा (कोन बुजवणारी सिमेंटची गोलाई) करून मगच लेप द्यावा. तो कोरड्या पृष्ठभागावर आणि पाणी वाहून जाण्याइतका उतार असताना दिलेला असावा. उतारच चुकलेला असेल, तर कितीही चांगले रसायन वापरले तरी साचलेले पाणी आपला रस्ता शोधणारच.

तडे

प्रत्येक तड्याने घाबरून जाण्याची गरज नसते, पण प्रत्येक तडा पुट्टीने बुजवावा असेही नाही. गिलाव्यात जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुधा तो वाळताना आकसल्यामुळे पडतात. वीटकाम आणि काँक्रीटचा बीम जेथे जुळतो तेथे पडणारी सरळ भेग दोन पदार्थांच्या वेगवेगळ्या प्रसरणामुळे येते. ती भरताना सांध्यावर जाळी न लावल्यास काही काळाने ती पुन्हा तेथेच उघडते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, एका टोकाला रुंद होत गेलेली किंवा विटांमधूनही आरपार गेलेली भेग मात्र पायाच्या हालचालीशी संबंधित असू शकते. तिच्या टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि काही महिने पाहावे. ती वाढत असेल, तर संरचना अभियंत्याला दाखवल्याशिवाय काहीही भरू नये.

काँक्रीटच्या छतातून खपल्या पडून गंजलेली सळई दिसणे ही यांतील सर्वांत गंभीर खूण आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. त्यावर नुसते सिमेंट लिंपले तर गंज आत चालूच राहतो, शिवाय दोष नजरेआड होतो, जे अधिक वाईट आहे.

नळ आणि मोरी

ठिबकणारा नळ दाबून बंद करत राहिल्याने वायसर आणि त्याची बैठक दोन्ही झिजतात. नवीन प्रकारच्या, पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात सिरॅमिकच्या चकत्या असतात. त्यात वायसर बदलायचा नसून पूर्ण कार्ट्रिज (चकत्या असलेला आतला भाग) बदलायची असते. काम सुरू करण्याआधी मुख्य कॉक बंद होतो का हे तपासावे, कारण वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक नेमका त्या वेळी अडकतो. टेफ्लॉन टेप आटे आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळावी, उलटी गुंडाळल्यास ती आवळताना सुटते. प्लास्टिकच्या आट्यांवर पाना लावून जोर करू नये.

तुंबलेल्या मोरीत ॲसिड ओतणे ही सवय सोडलेलीच बरी. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून एक रसायन ओतल्यावर दुसरे कधीही ओतू नये. रबरी पंप किंवा लवचीक तार बहुतेक वेळा पुरेशी असते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात दुर्गंधी येत असेल तर आधी ट्रॅपमध्ये (मोरीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वाकलेल्या भागात) बादलीभर पाणी घालून पाहावे. पाण्याचा अडसर वाळल्यामुळे गटारातील वायू वर येत असतो.

वीज आणि ड्रिलिंग

एमसीबी वारंवार पडतो याचा अर्थ तो आपले काम करतो आहे. तो वायरच्या जाडीनुसार निवडलेला असतो. त्याच वायरवर 10 अँपिअरऐवजी 20 अँपिअरचा बसवला, तर भार वाढल्यावर एमसीबी पडत नाही, वायर तापते. कोणते उपकरण लावल्यावर तो पडतो हे एकेक काढून पाहिले की दोष बहुधा लगेच सापडतो. एमसीबी विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही, त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लागतो, आणि त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो चालू असल्याची खात्री करावी. दिव्याचे बटण बंद केले म्हणजे वीज बंद झाली असे मानू नये, कारण चुकीच्या जोडणीत बटण न्यूट्रलवर असू शकते. मुख्य स्विच बंद करून आणि टेस्टर आधी चालू तारेवर तपासून मगच हात लावावा.

भिंतीला भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल चालवू नये, वायरी बहुधा त्याच रेषांत असतात. टाइलवर हॅमर मोड (ठोके देत फिरण्याची पद्धत) वापरल्यास ती तडकते. टाइल भेदून जाईपर्यंत साध्या मोडवर, टाइलसाठीचे ड्रिल बिट लावून, कमी वेगाने भोक पाडावे. टाइल ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर त्या जागी वजन टांगू नये. प्लग गिलाव्यातच संपला तर तो वजनाने उपटला जातो, म्हणून गिलाव्याची जाडी वजा करून, विटेत किंवा काँक्रीटमध्ये पूर्ण रुतेल एवढ्या लांबीचा प्लग आणि स्क्रू निवडावा.