बदकाची पिल्लं जुन्या कळपात सोडण्याआधी

पाण्याचं दुसरं भांडं आणा. जाळी, खाद्य, औषध सगळं नंतर. आधी दुसरं भांडं, आणि तेही जुन्यापासून लांब, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं. जुन्या बदकांनी एकुलत्या घमेल्यावर ठाण मांडलं आणि पिल्लं चोची उघड्या टाकून उन्हात उभी. बदकाला कोरडं खाद्य पाण्याशिवाय उतरत नाही, घशात अडकतं. नाकपुड्यांसकट चोच बुडेल इतकं खोल भांडं हवं. बादली मात्र नको, आत पडलेलं पिल्लू वर येत नाही. घमेल्यात दोन विटा टाका.

वैशाखात हा उद्योग करूच नका. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यात नव्या जागेची धास्ती. पावसाळा सरू द्या. पिल्लांच्या अंगावर पिसं पुरती भरलेली असावीत, म्हणजे साधारण आठ आठवडे झालेले.

बाजारातून आणलेली पिल्लं थेट आत नाहीत. तीन आठवडे वेगळी, त्यांच्याकडे जायची चप्पलही वेगळी. नवापूरकरांना हे सांगावं लागत नाही; २००६ला आणि पुन्हा २०२१ला बर्ड फ्लूपायी तिथल्या कोंबड्या माराव्या लागल्या. कोंबडी निदान आजारी दिसते, बदक कित्येकदा तोच विषाणू अंगात घेऊन ठणठणीत फिरतं.

मका हुंगून बघा. पावसात भिजलेला, हिरवट बुरशीचा मका ‘कोंबड्या खातात की’ म्हणून टाकाल तर पस्तावाल. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, कोंबडीला जेवढं पचून जातं तेवढ्यात बदकाचं पिल्लू मरतं. शेंगदाण्याची जुनी ढेपही तशीच. सरकीची ढेप गुरांनाच राहू द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्यही पिल्लांना नको, त्यातलं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. सगळ्यांना वाढीचं खाद्य घाला आणि अंड्यावरच्यांच्या कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा.

मग मध्ये तारेची जाळी लावून आठवडाभर एकमेकांना बघू द्या. पऱ्हाट्यांचा कूड स्वस्तात होतो खरा, पण मुंगूस त्यातून आरामात शिरतं. जाळीच्या दोन्ही बाजूंना पाणी. हो, पुन्हा तेच सांगतोय: जाळी काढाल त्या दिवशी दुसरं भांडं उचलू नका! सगळे एकत्र दिसले की हात आपसूक तिकडे जातो. महिनाभर तरी राहू द्या.

पहिल्यांदा सोडाल ते संध्याकाळी, तासभर, समोर बसून. थोडी टोचाटोची चालते. एकाच पिल्लाच्या मागे सगळे लागले तर थांबवा. नर जास्त असतील तर आधीच कमी करा, चार-पाच माद्यांमागे एक पुरे. खुराड्यात बदकं खालीच बसतात, म्हणून कोंबड्यांच्या दांडीखाली त्यांची जागा नको, सगळी विष्ठा अंगावर. रात्री कडी. रक्त दिसलं की ते पिल्लू लगेच बाजूला, नाहीतर बाकीचे तिथेच टोचत राहतात.