पाण्याखाली स्लो मोशन: हाउसिंग घरीच बंद करा

इंदुरात तरणतलावात सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण करायचं असेल, तर कॅमेरा हाउसिंगमध्ये, म्हणजे पाणी शिरू न देणाऱ्या त्याच्या पेटीत, घरीच, एसी खोलीत बंद करा. तलावाकाठची हवा दमट असते. या वेगाला कॅमेरा तापतो, हाउसिंगची काच मात्र पाण्याने गार राहते आणि आतला दमटपणा तिच्यावर धुकं धरतो. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन कोरड्या पुड्या आत हव्यातच. ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, एक केससुद्धा राहता कामा नये, पाणी तिथूनच शिरतं. आधी रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर ठेवून वीस मिनिटं बादलीत बुडवून पाहा, कागद कोरडा राहिला पाहिजे. शटर १/१००० सेकंद ठेवा. उजेड भर दुपारच्या उन्हाचाच घ्या: आपली वीज ५० हर्ट्‌झची, तलावावरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि सगळं चित्र फडफडतं.