काच वाळली की पांढरे ठिपके: दोष पाण्याचा होता

वाघोलीच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या लांब दांड्याच्या ब्रशने धुतल्या. तासाभरात फोन आला, "दादा, काच धुतली की चुना मारला?" गेलो तर खरंच सगळीकडे पांढरे ठिपके. त्या दिवसाची मजुरी गेलीच, वर परत धुवावं लागलं.

आधी साबण बदलला, मग ब्रश. फुकट खर्च. शेवटी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घेतला आणि सोसायटीचं बोअरचं पाणी मोजलं: ७४०. घरी नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, ते ८५. दांड्याने धुतलेली काच आपण पुसत नाही, ती तशीच वाळते; पाणी उडतं, क्षार काचेवरच राहतात. ठिपके नको असतील तर आकडा १० च्या खाली हवा.

म्हणून डीआय रेझिनची, म्हणजे पाण्यातले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची टाकी घेतली. इथेही चुकलो. थेट बोअरचं पाणी सोडलं आणि रेझिन बघता बघता संपलं. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकं ते लवकर संपतं, आणि खरा खर्च टाकीचा नाही, रेझिनचाच. आता घरचं पाणी आधी आरओतून, मग रेझिनमधून काढून ड्रममध्ये भरून टेम्पोत नेतो. आरओचं वाया जाणारं पाणी बायको फरशीला वापरते.

जुने ठिपके व्हिनेगरने निघाले. कट्टा संगमरवरी असेल तर मात्र जपून, त्यावर डाग पडतो. तळमजल्याला अजूनही वायपरच. फक्त रबर वेळेवर बदलायचं.