स्टिकपायी फुकट जाणारी 2 मिनिटं: आइस हॉकीत या चुका टाळा

टोरोंटोत रविवारी रात्री साडेदहाला आमची हौशी टीम खेळते, दर सीझनला दोन-तीन नवी मंडळी येतात आणि मी तेच तेच ओरडतो, घसा बसला म्हणून लिहून काढतोय. स्टिक चुकीची वापरली की 2 मिनिटांची पेनल्टी, म्हणजे तू बाहेर बसायचं आणि टीमने एक माणूस कमी घेऊन खेळायचं.

सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते हुकिंग. समोरचा पुढे सटकला, आपले पाय संपले, की एका हाताने स्टिक लांबवून त्याच्या कमरेत अडकवायची, आणि वर "मी नुसती टेकवली हो!" अरे बाबा, तू जोर किती लावलास ते रेफ कशाला बघेल, त्याला स्टिकचं पातं (खालचं चपटं टोक) दुसऱ्याच्या अंगावर आणि त्याचा वेग कमी झालेला दिसतो, बास. 2005 नंतर एनएचएलनेच (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग) यावर कडक धोरण धरलं, तर आपण कोण. खरी गोची वेगळीच असते. नवखा माणूस 40-45 सेकंदांत बदली व्हायच्या ऐवजी "अजून एकदा पक (रबरी चकती) मिळू दे" करत दोन-दोन मिनिटं बर्फावर रेंगाळतो, मग दम लागला की पायांऐवजी हातातल्या स्टिकने अडवायला बघतो. मी मागे पडलो की दोन्ही हात स्टिकवर, पातं खाली, आणि सरळ गोलच्या तोंडाशी पळतो. नाही गाठता आला तर जाऊ दे त्याला.

दुसरी हाय-स्टिकिंग, म्हणजे वर उचललेली स्टिक दुसऱ्याला लागणं, आणि इथे मीच शहाणा ठरलो नव्हतो. मागच्या हिवाळ्यात आम्ही 2-1 ने पुढे, साधारण सहा मिनिटं बाकी. समोरच्याची स्टिक उचलून पक काढायला गेलो, मधोमध झटका दिला, त्याची स्टिक निसटली आणि माझी थेट त्याच्या ओठावर. रक्त. मुद्दाम केलं का, हा प्रश्नच नाही, स्टिक तुझी तर जबाबदारी तुझी. डबल मायनर, म्हणजे 2 मिनिटांच्या दोन पेनल्ट्या, एकूण 4 मिनिटं. पहिल्या दोन मिनिटांत त्यांनी गोल मारला, मी खुशाल पेनल्टी बॉक्सचं दार उघडून निघालो तर रेफने परत बसवलं, कारण गोलने पहिलीच 2 मिनिटं संपतात, दुसरी तिथून सुरू होतात. त्यातही गोल बसला, 3-2. तेव्हापासून स्टिक उचलायची तर पात्याजवळून, खालचा हात खाली सरकवून, छोटासा हिसका. हवेतल्या पकला बॅट घातल्यासारखं मारायचं तर मुळीच नाही, त्याला ग्लोव्ह आहे की. आणि "फॉलो-थ्रूमध्ये (फटका मारल्यावर स्टिक पुढे जाते तेव्हा) चालतं" म्हणणाऱ्यांनो, एनएचएलमध्येही ती सूट खरोखरच्या शॉटपुरती आहे.

बाकीचं पटकन. स्टिक मोडली की तिथल्या तिथे टाका, अर्धी घेऊन खेळलात तर पेनल्टी (गोलकीपरला चालतं). बेंचवरून फेकलेली नवी स्टिक घ्यायची नाही, हातातून हातात दिलेलीच घ्यायची. हातांवर फटके मारू नका. स्टिकचं टोक दुसऱ्याला टोचणाऱ्यांशी मी बोलत नाही.

हां, आणि कर्व्ह, म्हणजे पात्याचा वाक. 1993 च्या स्टॅनली कप (एनएचएलची अंतिम ट्रॉफी) फायनलच्या दुसऱ्या सामन्यात लॉस एंजेलिस किंग्ज 2-1 ने पुढे होते, दोन मिनिटंही उरली नव्हती, तेवढ्यात मॉन्ट्रियलच्या कोचने किंग्जच्या मार्टी मॅकसॉर्लीची स्टिक मोजायला लावली, वाक जास्त निघाला, पेनल्टी, मॉन्ट्रियलच्या एरिक देजार्दांने बरोबरी केली, ओव्हरटाइममध्येही त्यानेच मारला. आमच्याकडे कोणी मोजत नाही म्हणा. पण पहिल्याच महिन्यात भलताच वाक असलेली महागडी स्टिक घेऊन येणाऱ्यांचा बॅकहँड (पात्याच्या उलट्या बाजूने दिलेला) पास बघा एकदा.